मांडवाच्या मागे

नवरात्राला काही आठवडे उरले की टेंभी नाक्यावर बांबूंच्या गाड्या रिकाम्या होऊ लागतात. दरवर्षी इथे कुठल्या ना कुठल्या नामांकित मंदिराची प्रतिकृती उभी राहते आणि ती बघायला सगळं ठाणं लोटतं. मीही जाते. पण मला मांडव पूर्ण होण्याआधी बघायला आवडतो, आणि तोही मागच्या अंगानं. पुढून दगडी शिखर दिसत असतं. मागे सुंभानं आवळलेले वासे, ठोकलेलं प्लायवूड, त्यावर पेन्सिलीनं लिहिलेली मापं. एकदा एक रंगारी कापडाचा दगड करताना दिसला. आधी त्यानं सगळीकडे करड्या रंगाचा हात दिला. तो सुकल्यावर स्पंजाचा तुकडा पातळ काळ्या रंगात बुडवून, पिळून, नुसता टेकवत गेला. मग बारीक ब्रशनं दोन चिऱ्यांमधली फट ओढली आणि त्या फटीच्या खालच्या अंगाला एक पांढरी रेघ दिली. त्या रेघेसरशी कापडाला वजन आलं. "ताई, इथून काय दिसणार? चार दिवसांनी पुढून या," तो म्हणाला. "पुढून तर येईनच," मी म्हटलं.

आनंद दिघे यांनी 1978 मध्ये हा उत्सव सुरू केला, तेव्हापासून ठाण्याच्या कितीतरी पोरांनी आपलं पहिलं नवरात्र वडिलांच्या खांद्यावर बसून इथेच बघितलं असेल. रांगेत उभं राहिलेल्या बायकांच्या डोळ्यांत जे असतं ते अस्सल असतं. समोरचा दगड रंगवलेला आहे हे त्यांनाही ठाऊक असतं आणि त्यानं त्यांच्या नमस्कारात काही उणं येत नाही. मागून बघितल्यानं माझाही नमस्कार कधी कमी झाला नाही. पण तेव्हापासून जी गोष्ट फार भरभक्कम दिसते, तिची पाठ बघावीशी वाटते. इतिहासाची आणि दंतकथेची पाठ दाखवणारी चित्रं मला जवळची वाटतात, ती त्यामुळेच.

याच टेंभी नाक्यावर 1879 साली बांधलेलं बेने इस्रायली समाजाचं सिनेगॉग आहे, शाआर हशामाईम, म्हणजे स्वर्गाचं द्वार. नाक्यावरून रोज जाणारी कितीतरी माणसं त्याच्याकडे बघतही नाहीत. रिक्षा, हातगाड्या, आणि मध्येच ती एक शांत इमारत. आत गेलं की मधोमध तेबा, म्हणजे प्रार्थना म्हणण्याचा कठडेवजा चौथरा, आणि समोर पडद्याआड हेखल, ज्यात तोराच्या गुंडाळ्या ठेवलेल्या. मूर्ती नाही, तसबीर नाही. मूर्तीसाठी दरवर्षी मंदिर उभारणारा नाका आणि देवाचं चित्र काढायचंच नाही असं मानणारी ही वास्तू, दोघं एकमेकांच्या आवाजात राहतात.

2025 साली 22 सप्टेंबरला घटस्थापना होती. त्याच संध्याकाळी सूर्य मावळला आणि ज्यूंचं नवं वर्ष लागलं, ज्याला कोकणातले बेने इस्रायली जुन्या काळापासून नव्याचा सण म्हणत आले. 2 ऑक्टोबरला दसरा होता, आणि त्याच दिवशी त्यांचा मोठा उपवास, योम किपुर, त्यांच्या बोलीतला दारफळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घ्यायची आणि वर्षभराच्या चुकांबद्दल देवाची क्षमा मागायची. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि दोघांत अधिक महिना आहे, त्यामुळे आश्विन आणि तिश्री हे महिने कधी हातात हात घालून येतात, कधी महिनाभर लांबतात. 2026 मध्ये आपला ज्येष्ठ अधिक, म्हणून नवरात्र ऑक्टोबरात आणि नव्याचा सण सप्टेंबरातच. पण 2025 चा तो दसरा मला वेगळा वाटला. नाक्यावर सोनं लुटलं जात होतं, आणि त्याच नाक्याच्या कडेला पाण्याचा थेंबही न घेता माणसं संध्याकाळची वाट बघत होती. दोन्हीकडे आकाशातला चंद्र एकच.

माझ्या लहानपणी चरईत शेजारी एक बेने इस्रायली आजी राहत. त्यांच्याकडे नवस फिटला की मलिदा व्हायचा. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, बेदाणे, बदामाचे काप. मोठ्या थाळ्यात पोह्यांचा ढीग, भोवती पाच फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. पुरुष माणसं हिब्रूतून प्रार्थना म्हणत, एलियाहू नबीचं नाव घेत, आणि आम्ही पोरं त्या ढिगाकडे डोळे लावून बसत असू. भिंतीवर एक चौकट होती, त्यात आगीचे घोडे जुंपलेला रथ आणि दाढीवाला म्हातारा. मी विचारलं होतं, "आजी, हा तुमचा देव का गं?" त्या म्हणाल्या, "देवाचं चित्र आमच्यात नसतं, बाळ. हा एलियाहू. अलिबागेजवळ खंडाळ्याला त्याचा रथ उतरला होता, खडकावर चाकाच्या खुणा आहेत अजून." बायबलमधला संदेष्टा स्वर्गात जाता जाता रायगड जिल्ह्यातल्या खडकावर उतरतो, आणि आजी ते इतक्या सहज सांगतात जसं काल एसटीनं कुणी पाहुणा यावा. मला त्या वयात त्यात काही नवल वाटलं नाही. आमचा रामही जिथे तिथे थांबलेला होताच.

त्यांची मोठी गोष्ट नवगावची. फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भाषा हळूहळू गेली, एक शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. घाण्यावर तेल काढून पोट भरू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. गावाचं नाव आडनावात आलं: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर, चेऊलकर. गलबत कधी फुटलं, कुठून आलं होतं, याचा एकही कागद नाही. आता याच किनाऱ्यावरची दुसरी कथा बघा. चित्पावनांच्या उत्पत्तीची एक प्रचलित कथा सांगते की समुद्रातून चौदा प्रेतं किनाऱ्याला लागली आणि परशुरामानं ती चितेवर शुद्ध करून जिवंत केली. इथेही चौदा. थोडं उत्तरेला संजाणला पारशी, तेही गलबतातूनच उतरलेले. आपण समुद्रातून आलो, मरता मरता वाचलो, हे सांगायला या किनारपट्टीवरच्या इतक्या जणांना का आवडावं? मला वाटतं, जमीन ज्याच्या नावावर नसते तो लाटेला साक्षीदार करतो. इतिहासकारानं हे गलबत मोडीत काढलं तरी ते वल्हवणाऱ्या माणसांची धास्ती आणि आशा मोडीत निघत नाही.

या धास्तीला पुढे आधारही मिळाला. 1948 नंतर हजारो बेने इस्रायली माणसं इस्रायलला गेली, आणि तिथे काही धर्मगुरूंनी शंका काढली की हे खरे ज्यू आहेत काय, यांच्याशी लग्नं लावावीत काय. माणसं रस्त्यावर उतरली, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूनं ठराव करावा लागला. कोकणात ज्यू म्हणून शनिवार पाळला, आणि ज्यूंच्या देशात कोकणी म्हणून तपासले गेले. नवगावची गोष्ट सांगणाऱ्यांना पुरावा मागितला गेला, तेव्हा त्यांच्याजवळ होतं काय? मलिद्याचा थाळा आणि रथाच्या चाकाची खूण.

सियोना बेंजामिन या चित्रकर्तीची चित्रं मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हा सगळा पसारा डोळ्यांपुढून गेला. 1960 साली मुंबईत बेने इस्रायली घरात जन्म, कॉन्व्हेंटात आणि पारशी शाळेत शिक्षण, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, पुढे अमेरिका, आणि आता घर न्यू जर्सीत. तिच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. नखशिखान्त निळ्या. कागद लहान, त्यावर गोवाशचे अपारदर्शक रंग आणि सोन्याचा वर्ख, मुघल-राजस्थानी लघुचित्रांसारखी बारीक कड, पानाफुलांची वेलबुट्टी. आणि मधोमध बायबलमधली कुणी बाई साडी नेसून, कपाळाला टिकली लावून उभी. एका चित्रात तिला कितीतरी हात आहेत. आपण देवीचे हात मोजायला लागतो आणि मध्येच लक्षात येतं की हे हात मेनोराच्या, त्या सात फांद्यांच्या दीपस्तंभाच्या, आकारात वर गेलेत. दुसऱ्या एका चित्रात सारा आणि हागार, अब्राहमाची बायको आणि तिनं घराबाहेर काढायला लावलेली दासी, एकमेकींना मिठी मारून. एकीच्या वंशात ज्यू, दुसरीच्या वंशात अरब, अशी परंपरा. हजारो वर्षांचं भांडण ज्या दोघींच्या नावावर चालतं, त्या दोघींना तिनं जवळ आणलं. तिची लिलिथ, आदमची पहिली बायको, जिला लोककथेनं रात्री पोरं पळवणारी हडळ करून टाकलं, ती तर कॉमिकच्या पानातल्या नायिकेसारखी थेट बोलते.

निळा का, याचं सियोनाचं म्हणणं असं की आकाशाचा आणि समुद्राचा हा रंग सगळीकडचा असतो आणि कुठल्याच एका गावचा नसतो. मला त्यात नवगावचा समुद्र दिसतो. कृष्णाचा निळा आहेच, कालीचाही आहे. एक मैत्रीण म्हणाली, "आपल्या देवांचा रंग त्यांच्या गोष्टीला कशाला?" मी तिला म्हटलं, त्यांनी तो उसना आणलेला नाही. हा रंग त्यांच्या खिडकीतूनही दिसत होता. नवरात्राचे नऊ दिवस ज्यांच्या दाराबाहेर देवीचा जयजयकार होतो, त्यांच्या मुलीच्या हाताला देवीचे हात काढता येणार नाहीत तर कुणाला?

शिवाय ही रीत तिच्या आधीची आहे. टेंभी नाक्यावर सिनेगॉग उभं राहिलं त्याच सुमारास, 1880 च्या आगेमागे, बेने इस्रायली मंडळींनी मराठी कीर्तनं करायला सुरुवात केली होती. हरदासाच्या धर्तीवर उभं राहून साकी, दिंडी, ओवी म्हणायची आणि आख्यान अब्राहमाचं, योसेफाचं, मोशेचं. त्या कीर्तनकारांपुढे कॅनव्हास नव्हता एवढंच. बायबल मराठी तालात बसवताना त्यांनाही कुठली ओळ ठेवायची आणि कुठली सोडायची हे ठरवावं लागलं असेल. जुनी गोष्ट नव्या अंगणात सांगताना ती थोडी वळतेच, आणि त्या वळणावर सांगणारा स्वतः दिसतो. सियोना बेंजामिननं फुलब्राइट शिष्यवृत्तीवर 2010-11 मध्ये भारतात येऊन बेने इस्रायली माणसांचे फोटो काढले आणि त्या फोटोंभोवती चित्रं रंगवली. जी माणसं आयुष्यभर कुणाच्याच इतिहासाच्या पुस्तकात आली नाहीत, त्यांच्या चेहऱ्यांभोवती सोन्याची कड आली.

जुन्या गोष्टींची अशी उलटतपासणी बाहेरून आलेली खोड आहे, असं आपल्याकडे फार सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि दशावतारांची गोष्ट पाताळात घातलेल्या बळीच्या बाजूनं वाचली. त्यासाठी त्यांना परदेशी जावं लागलं नाही. ओवाळताना आपल्या बायका 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत होत्याच. वामनाच्या विजयाची कथा ज्या घरात वाचली जाई, त्याच घरात हरलेल्या राजासाठी आरती फिरत होती. फुल्यांनी ते ऐकलं. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातली माणसं देव्हाऱ्यातून उतरवून जमिनीवर आणली. 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल' आलं आणि पेशवाईतलं पुणं माणसांच्या भिंतीआडून दिसू लागलं. पुष्कळ लोक दुखावले, निषेध झाले. नाटक मात्र टिकलं. दुखावलेल्यांचं दुःख मी खोटं मानत नाही. आपल्या पूर्वजांची पाठ बघायला जड जातंच. पण ज्या इतिहासाला पाठच नसते तो नुसता देखावा असतो.

ठाण्याचा असा एक देखावा तर इटलीत आहे. 1321 मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्यांचा म्होरक्या तोलेंतिनोचा थॉमस. पुढे काही काळानं ओदोरिक नावाचा दुसरा साधू या वाटेनं गेला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन थेट चीनपर्यंत पोचला. ही वार्ता युरोपात गेली. सिएना शहरातल्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराचं एक भित्तिचित्र आहे, साधूंच्या हौतात्म्याचं. ते ठाण्याचंच, असं पुष्कळ काळ मानलं गेलं. काही अभ्यासकांच्या मते ते दुसऱ्याच गावचं आहे. सिंहासनावर राजा, गुडघ्यावर बसलेले साधू, तलवार म्यान करणारा मारेकरी, आणि भोवती उंच टोकदार टोप्या घातलेले बघे. समजा हे ठाणं असेल, तर यातल्या एकाही माणसाला ठाण्याच्या उन्हात ती टोपी क्षणभर डोक्यावर ठेवता आली नसती. चित्रकारानं ठाणं बघितलं नव्हतं. त्याच्या धर्माला हुतात्मे हवे होते, हुतात्म्यांना परका राजा हवा होता, आणि परक्या राजाला परकी टोपी. आपलं गाव असं दुसऱ्याच्या कथेत पडदा म्हणून टांगलेलं बघितलं की मन चरकतं. आणि मग वाटतं, आपणही बेने इस्रायलींना, चेंदणीच्या कोळ्यांना, येऊरच्या वारल्यांना आपल्या गोष्टीत असंच मागच्या पडद्यावर तर ठेवलेलं नाही?

ठाण्याकडे खरोखर बघितलं ते सुधीर पटवर्धनांनी. 1949 साली पुण्यात जन्म, तिथेच वैद्यकीय शिक्षण, आणि 1975 पासून 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून व्यवसाय. दिवसा माणसांच्या छातीचे फोटो तपासायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची, अशी तीस वर्षं. त्यांच्या चित्रांत पोखरण रोड आहे, उल्हासनगर आहे, पूल, नाले, इराण्याच्या हॉटेलात एकटा बसलेला माणूस, लोकलमध्ये एकमेकांना टेकलेली शरीरं. यात कुठे दंतकथा नाही आणि देव नाहीत, तरी मी या चित्रांना याच विषयात आणते, कारण आपल्या काळातली सगळ्यात मोठी दंतकथा म्हणजे शहर वाढतंय, सगळ्यांचं बरं चाललंय ही. पटवर्धन या कथेतल्या माणसाच्या पाठीचा बाक दाखवतात. अर्धवट टॉवरच्या पायथ्याशी थांबलेला मजूर, डोंगर कापून झालेल्या उघड्या मातीचा तांबडा रंग. हे ठाणं बघून मला घरी आल्यासारखं होतं, आणि घरात काहीतरी बिनसलंय हेही कळतं. 2008 च्या सुमारास त्यांनी समकालीन चित्रांचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवलं, कारण चित्रं मुंबईच्या काळ्या घोड्याच्या गॅलऱ्यांत अडकून पडतात हे त्यांना खटकत होतं. हे काम मला त्यांच्या चित्रांइतकंच मोलाचं वाटतं.

आजींच्या घरातली ती एलियाहूची चौकट आता कुठे असेल कुणास ठाऊक. मुलं अश्दोदला, बीरशेव्याला गेली, वाडा पडला, तिथे लिफ्टची इमारत आली. तिकडे इस्रायलमध्ये या माणसांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, महाराष्ट्र दिन साजरा केला. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर इथे उरलेली माणसं थोडीच होती. जी आहेत त्यांतली पुष्कळ म्हातारी आहेत. बिरड्याचा रोजा हा उपवास कसा सोडायचा, नव्याच्या सणाला काय शिजवायचं, खंडाळ्याच्या खडकापाशी काय म्हणायचं, हे सांगणारी तोंडं कमी होत चाललीत.

म्हणून ठाण्यात चित्रकला शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं आहे. अजिंठ्याची नक्कल जरूर करा, हात तयार होतो. पण एखाद्या दुपारी, परवानगी घेऊन, रीतसर टोपी घालून टेंभी नाक्यावरच्या त्या सिनेगॉगमध्ये बसा. चेंदणीच्या कोळणीला तिच्या आजीची गोष्ट विचारा. येऊरला जा. त्यांनी सांगितलेलं खरं की खोटं हे ठरवण्याची घाई करू नका. ते का सांगतात हे बघा आणि ते काढा. आणि काढलेलं घरात ठेवू नका. कोर्ट नाक्याला टाऊन हॉल आहे, तिथे लावा. नवरात्रात लावा, तेव्हा सगळं ठाणं या बाजूला आलेलं असतं.